पांढरी सहा, पाच, चार, तीन

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी सहा दाबा, मग पाच, मग चार, मग तीन. घाई नको, प्रत्येक पट्टीवर मनात एक-दोन-तीन मोजा. तीनवर पोचलात की रेंगाळू नका, पुन्हा सहावर या आणि तीच उतरण करा. आणखी एकदा. आणखी एकदा. असं 34 वेळा झालं की इटलीतल्या एका फार गाजलेल्या विरहगीताचा तळ तुम्ही वाजवलेला असेल.

पांढरी सहाला षड्ज धरला तर ही उतरण होते सा, कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम. भैरवीत, आसावरीत, जौनपुरीत आपण ती कितीदा तरी ऐकलेली असते. 'युरोपचं जुनं संगीत आपल्याला कळत नाही' असं कुणी म्हणालं की मी त्यांना याच दारातून आत नेते.

या गीताचं नाव 'लामेंतो देल्ला निन्फा'. लामेंतो म्हणजे विलाप. निन्फा म्हणजे रानात राहणारी तरुणी, आपण वनकन्या म्हणू. क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी या इटालियन संगीतकारानं ते 1638 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या मद्रिगालांच्या, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांच्या, आठव्या पुस्तकात घातलं. तेव्हा तो 71 वर्षांचा होता. टाकून दिलेल्या बाईचं दुःख गायचं कसं, या एका प्रश्नाशी तो तरुणपणापासून झटत होता, आणि हे गाणं म्हणजे त्या झटापटीचा मुक्काम आहे. पण तिथवर यायचं तर थोडं मागून निघावं लागेल.

इटालियन प्रेमकवितेला विरहाची भाषा दिली ती चौदाव्या शतकातल्या पेत्रार्का या कवीनं. 6 एप्रिल 1327 रोजी आव्हिन्यों शहरातल्या एका चर्चमध्ये त्याला लाउरा दिसली. 1348 मध्ये, पुन्हा 6 एप्रिललाच, ती वारली. या तारखा त्यानं स्वतःच नोंदवून ठेवल्या आहेत. तिच्याभोवती त्यानं 366 कविता रचल्या, आधी ती हाती लागत नाही म्हणून आणि नंतर ती उरलीच नाही म्हणून. पुढे दोनशे वर्षांनी इटलीतल्या कवींनी आणि संगीतकारांनी याच कविता नमुना म्हणून समोर ठेवल्या. बर्फासारखं जळणं, आगीसारखं गारठणं, जगता जगता मरणं, ही सगळी उलटीसुलटी भाषा तिथली.

आता या कविता गायच्या कशा? सोळाव्या शतकात त्याला उत्तर होतं मद्रिगाल. बहुतेकदा पाच जण गात. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या आवाजापुरती वही, सगळे एका टेबलाभोवती बसलेले, समोर श्रोते असतीलच असं नाही. एकाच कवितेवर पाच वेगवेगळ्या चाली एकाच वेळी चालतात आणि एकमेकींत गुंफल्या जातात. आपला कान एका धाग्याच्या संगीतावर वाढलेला आहे. गायक एक, त्याचा सूर एक, तानपुऱ्याचा आधार एक. मद्रिगाल ऐकताना म्हणूनच सुरुवातीला गर्दीत सापडल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय सोपा आहे: दोन आवाज एकाच क्षणी कोणत्या दोन सुरांवर उभे आहेत, त्यांच्यात किती अंतर आहे, एवढंच ऐकायचं.

मोंतेव्हेर्दीच्या चौथ्या पुस्तकातलं, 1603 सालचं, 'आ दोलेंते पार्तीता' घ्या. शब्द ग्वारीनी या कवीचे: 'हाय, ही दुःखाची ताटातूट! हा माझ्या आयुष्याचा शेवट! तुझ्यापासून दूर चाललोय, तरी मरत कसा नाही?' सुरुवातीला वरचे दोन आवाज अगदी एकाच सुरावर लागतात, इतके एक की दोन माणसं गातायत हे कळतच नाही. मग एक आवाज अर्ध्या सुरानं सरकतो आणि दुसरा जागचा हलत नाही. अर्ध्या सुराचं अंतर म्हणजे पेटीवरच्या दोन लागून असलेल्या पट्ट्या. त्या एकत्र दाबून पाहा, कानाला घासतात. दोघं सगळ्यात जवळ असतानाच सगळ्यात जास्त टोचतात, आणि पुरेसे लांब गेले की टोचणं थांबतं. ताटातूट या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला कुठल्या शब्दकोशात सापडलेला नाही.

पेत्रार्काचं 'झेफिरो तोर्ना' हे सुनीत मोंतेव्हेर्दीनं 1614 च्या सहाव्या पुस्तकात बसवलं. वसंत परतला, वारा परतला, फुलं-पानं परतली, आणि मग कवी म्हणतो, 'पण माझ्यासाठी मात्र उसासेच परतले'. वसंताच्या आठ ओळी तीन मात्रांच्या झुलत्या नाचऱ्या चालीत आहेत. 'पण माझ्यासाठी' आलं की झोका थांबतो, लय जड होते. फक्त त्या एका 'पण'वर सगळं वळतं.

मात्र पाच आवाजांची एक अडचण होती. 'मी मरतो' हे वाक्य पाच जण मिळून म्हणतात, तेव्हा त्यातला 'मी' कोण? 1592 च्या तिसऱ्या पुस्तकात मोंतेव्हेर्दीनं तास्सोच्या महाकाव्यातली आर्मिदा बसवली होती. प्रियकर सोडून निघालाय आणि ती त्याला शिव्याशाप देतेय. तो शापही पाच जणच देतात. फ्लॉरेन्समधला विन्चेन्सो गालिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी 1581 मध्येच एका ग्रंथात हा आक्षेप घेतला होता: आवाजांच्या गुंत्यात शब्द बुडतात, आणि शब्द बुडाले की माणूस हलत नाही. 1600 च्या आसपास त्याच शहरात वेगळी वाट निघाली. गाणारा एक, साथीला एखादं तंतुवाद्य, आणि चाल अशी की बोलणंच सुरांत भिजवून मांडल्यासारखं वाटावं.

या वाटेवरचा मोठा विलाप 1608 चा. आरियाना ही ग्रीक पुराणकथेतली क्रीट बेटाची राजकन्या. थिसियसनं भूलभुलैयातल्या राक्षसाला मारलं ते तिनं दिलेल्या धाग्याच्या जोरावर. तिनं बापाशी द्रोह केला, घर सोडलं, त्याच्या जहाजावर चढली. वाटेत एका बेटावर ती झोपलेली असताना तो तिला तिथंच टाकून निघून गेला. ओत्ताव्हिओ रिनुचीनीनं या कथेवर संगीतनाटक लिहिलं, मोंतेव्हेर्दीनं ते मांतुआच्या दरबारासाठी बसवलं. निमित्त राजपुत्राच्या लग्नाचं. लग्नाच्या मांडवात टाकून दिलेल्या बाईची गोष्ट, हे आज वाचतानाही चमत्कारिक वाटतं.

ते काम त्यानं कोणत्या दिवसांत केलं हेही सांगायला हवं. त्याची बायको क्लाउदिया स्वतः दरबारातली गायिका. ती सप्टेंबर 1607 मध्ये वारली होती. आरियानाची भूमिका कातेरिना मार्तिनेल्ली या अठरा वर्षांच्या मुलीसाठी होती. ती लहानपणी रोमहून आली होती आणि मोंतेव्हेर्दीच्याच घरी राहून गाणं शिकली होती. मार्च 1608 मध्ये, तालमींच्या काळात, देवीच्या साथीनं ती गेली. भूमिका मिळाली व्हिर्जिनिया आंद्रेइनीला. ती फिरत्या नाटक कंपनीतली नटी. तिनं ती काही दिवसांत तोंडपाठ केली. 28 मेला प्रयोग झाला. दरबाराचा वृत्तान्त लिहिणाऱ्यानं नोंदवलंय की तो विलाप ऐकून डोळ्यांतून पाणी न काढलेली एकही स्त्री तिथं नव्हती. मला वाटतं, त्यांना रडवणाऱ्या आवाजात नटीचा अनुभवही होता. दरबारी गायिकेला सुरांची जपणूक शिकवलेली असते, नटीला ठाऊक असतं कुठं श्वास तुटू द्यायचा.

विलापाचा पहिला उद्गार 'लाशातेमी मोरीरे'. मरू द्या मला. आवाज पंचमावर लागतो, अर्धा सूर चढून कोमल धैवतावर जातो, तिथं खालच्या साथीशी घासतो आणि कोसळतो. चढायला जागा अर्ध्या सुराचीच, पडायला मात्र कितीतरी. त्यानंतर ती हाक मारते: 'हे थिसियस, माझ्या थिसियस! हो, माझाच म्हणणार मी तुला, कारण तू माझाच आहेस, माझ्या डोळ्यांआड पळून चाललास तरी.' मग आठवणी, मग जाब, आणि मग संतापाचा स्फोट: वादळांनो, वाऱ्यांनो, बुडवा त्याला, समुद्रातल्या राक्षसांनो, देवमाशांनो, धावा, त्याच्या देहाचे तुकडे खोल पाण्यात भरा! चाल इथं धावत सुटते, शब्द एकमेकांवर आदळतात. आणि एकदम ती थांबते. 'काय बोलतेय मी? काय बरळतेय?' पुढच्या ओळी अशा आहेत: 'ती मी नव्हे, थिसियस, ते क्रूर बोल बोलली ती मी नव्हे. माझी तगमग बोलली, माझं दुःख बोललं. जीभ बोलली, हो, पण काळीज नाही बोललं.'

ज्यानं सोडलं त्याला शाप देऊन लगेच त्या शापाची माफी त्याच्याकडेच मागणं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना इथं काही समजावून सांगावं लागत नाही. रिनुचीनीच्या शब्दांत हे सगळं आहेच. पण कागदावर शाप आणि माफी यांच्यात असते फक्त एक ओळ सोडलेली जागा. ती जागा किती लांब, तिथं श्वास कसा घ्यायचा, नाव दुसऱ्यांदा घेताना सूर किती खाली आणायचा, हे चालीनं ठरवलं. त्या संगीतनाटकाचं बाकी सगळं संगीत हरवलं. राजपुत्राच्या लग्नासाठी उभारलेल्या त्या थाटामाटातून आज आपल्या हाती उरलाय तो हा विलाप. मोंतेव्हेर्दीनं तो पाच आवाजांतही बसवला, आणि 1641 च्या सुमाराला तीच चाल लॅटिन शब्दांसह मुलाच्या क्रूसापाशी रडणाऱ्या मेरीच्या तोंडी दिली.

आठ वर्षांनी, डिसेंबर 1616 मध्ये, त्याला दुसऱ्या एका दरबारी नाटकाची संहिता पाठवण्यात आली. पात्रं म्हणजे वारे आणि जलदेवता. त्यानं पत्रातून कुरकुर कळवली. वारे बोलत नाहीत, मग मी त्यांच्या बोलण्याचं अनुकरण करून लोकांचं मन कसं हलवू? आरियानानं लोकांना हलवलं कारण ती बाई होती, माझ्या आणखी एका संगीतनाटकातल्या ऑर्फिअसनं हलवलं कारण तो माणूस होता, वारा नव्हता. आरियानानं मला खऱ्या विलापाकडे नेलं, असं तो म्हणतो. संगीतकारानं आपल्या कामाबद्दल इतकं साधं आणि इतकं खोल वाक्य लिहिलेलं मी क्वचित वाचलंय.

आता परत वनकन्येकडे.

कविता याच रिनुचीनीची. गाणं छापलं गेलं तेव्हा त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती. कवितेत एक धृपद होतं: 'मिझेरेल्ला', बिचारी गं, आता पुरे, एवढा गारठा तिला सोसवायचा नाही. प्रत्येक कडव्यानंतर ते ठरल्याप्रमाणे यायचं. मोंतेव्हेर्दीनं गाण्याचे तीन भाग केले. आधी तीन पुरुष हकिगत सांगतात: उजाडायच्या आधी एक मुलगी घरातून बाहेर पडली, चेहरा फिकट, छातीतून उसासे, फुलं तुडवत, इकडून तिकडे भरकटत, गेलेल्या प्रेमासाठी रडत ती चालली आहे. मग मधला भाग, तिचा स्वतःचा. मग पुन्हा ते तिघं, अगदी थोडक्यात: प्रेमी माणसांच्या काळजात प्रेम असंच आग आणि बर्फ एकत्र कालवतं. पेत्रार्काची तीच जुनी आग, तोच बर्फ.

मधला भाग सुरू झाला की खालून पांढरी सहा, पाच, चार, तीन चालू होतं आणि थांबत नाही. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तसंच हे आहे. लेहरा बदलत नाही, तबलजी त्याच्यावर हवं तिथं फिरून समेवर येतो आणि आपण दाद देतो. समेवर येणं हा आपल्याकडचा मोठा आनंद. ही मुलगी समेला चुकवत राहते. तिचं वाक्य उतरणीच्या मधेच सुरू होतं, उतरण संपून नवी लागली तरी तिचं बोलणं चालूच असतं. कधी ती सूर इतका धरून ठेवते की खालची पट्टी बदलते आणि जो सूर आत्तापर्यंत गोड होता तोच टोचायला लागतो. तिनं काहीच केलेलं नसतं. जमीन सरकलेली असते.

मोंतेव्हेर्दीनं इथं एक सूचना छापली आहे. पुरुषांनी हाताच्या लयीत, म्हणजे ताल देणाऱ्याच्या हाताबरहुकूम गावं. वनकन्येनं मात्र मनाच्या भावनेच्या लयीत गावं, हाताच्या नव्हे. एका गाण्यात दोन काळ त्यानं असे शेजारी ठेवले. ज्याला कुणी सोडून गेलंय त्याचं घड्याळ बाकीच्यांच्या घड्याळाशी जुळत नाही, हे आपण सगळेच जाणतो. ते स्वरलिपीत लिहायचं कसं, हे त्याला 1638 मध्ये सापडलं होतं.

आणि ती बोलते तरी काय? 'प्रेमा, कुठं गेली ती निष्ठा, त्या दगाबाजानं जिची शपथ घेतली होती?' 'त्याला होता तसा परत आणून दे, नाहीतर मला मारून टाक.' पुढे फार चतुर आणि फार दुबळी अशी एक ओळ आहे: मी त्याच्यासाठी झुरतेय म्हणून तो ताठ्यात आहे, मीच त्याच्यापासून पळाले तर? येईल का तो पुन्हा विनवण्या करत? मग दुसरीचा विषय निघतो. तिची भुवई माझ्याहून सुंदर असेल, पण तिच्या उरात अशी निष्ठा नसणार. त्या तोंडातून तुला असे गोड मुके कधी मिळायचे नाहीत, इतके मऊ... आणि इथं ती स्वतःचंच वाक्य तोडते. 'गप, गप बस. हे तुला पुरतं ठाऊक आहे.' हे 'गप' कुणाला म्हटलंय, प्रेमाच्या देवाला की स्वतःला, हे मला दर वेळी वेगळं ऐकू येतं.

आता ते तीन पुरुष. त्यांचं 'मिझेरेल्ला' कडव्याच्या शेवटी नीट रांगेत यायचं सोडून तिच्या बोलण्यात अधेमधे घुसतं. त्यांनी हळू आवाजात तिची कीव करायची, असं संगीतकाराचंच सांगणं आहे. ते तिच्याशी बोलत नाहीत, तिच्याबद्दल बोलतात. तिला ते ऐकूही जात नाहीत. काही जाणकार त्यांना आपल्याच, श्रोत्यांच्या, जागी बसवतात. मला ते आमच्या वाड्यातल्या जिन्यावर उभे असल्यासारखे वाटतात. लग्न मोडून परत आलेली मुलगी खोलीत रडते आहे, बाहेर दबक्या आवाजात 'बिचारी' म्हणणारी माणसं आहेत. त्यांचं मन खरंच दुखतंय, तरी दार कुणी वाजवत नाही.

पुरुषानं बाईच्या तोंडून विरह बोलावा, हे आपल्यालाही नवं नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या आपण ऐकतच मोठे झालो. तिथं ज्याची वाट पाहायची तो देव आहे, म्हणून विरहाच्या तळाशी भेटीची खात्री असते. वनकन्येला अशी खात्री कुणी दिलेली नाही. तिच्या तळाशी चार सुरांची उतरण आहे, आणि ती पंचमावर पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

1637 मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं संगीतनाट्यगृह उघडलं आणि विलाप हा प्रेक्षकांचा हक्काचा प्रसंग झाला. म्हातारा मोंतेव्हेर्दी तिथंही होता. त्याच्या संगीतनाटकातली पेनेलोपी, ग्रीक वीर युलिसिसची बायको, वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहत म्हणते, समुद्राला शांती परत मिळते, कुरणात वारा परत येतो, परतायचा दिवस तेवढा तूच हरवलास. 1643 च्या त्याच्या शेवटच्या नाटकात नीरोनं टाकलेली सम्राज्ञी ओत्ताव्हिया रोमचा निरोप घेते. 'आदिओ' हा तीन अक्षरी शब्द तिच्या तोंडून फुटत नाही. ती 'आ...', 'आ...' म्हणत अडखळते, मधे शांतता, पुन्हा 'आ...', तेव्हा कुठं निरोप बाहेर पडतो. विलापाच्या सगळ्या कारागिरीत मला ही अडखळ फार मोलाची वाटते.

त्याच शहरात बार्बारा स्त्रोत्सी राहत होती. 1619 चा जन्म, रिनुचीनीसारखंच नाटकांसाठी लिहिणाऱ्या एका कवीच्या घरी वाढलेली, स्वतः गाणारी आणि स्वतः रचणारी. आपल्या रचनांचे आठ संग्रह तिनं छापले. 1659 च्या संग्रहात 'लाग्रिमे मिए' आहे. माझ्या आसवांनो, तुम्ही का अडून राहिलात? इथं बोलणारा पुरुष आहे. त्याच्या लिदियाला तिच्या कडक बापानं कोंडून ठेवलंय. इतकी वर्षं पुरुषांनी बायकांच्या तोंडी रडणं घातलं होतं, इथं एक बाई पुरुषाचं रडणं रचते आणि स्वतःच्या गळ्यातून गाते.

पेटी अजून उघडी असेल तर हेही करून बघा. या वेळी पांढरी तीनला षड्ज धरा आणि डाव्या हातानं तो खाली धरूनच ठेवा, तानपुऱ्यासारखा. उजव्या हातानं वरचा षड्ज लांब घ्या. आता खाली उतरा, पण कोमल निषादावर नको, शुद्ध निषादावर. तो खालच्या षड्जाला घासतो, घासू द्या. तिथून कोमल धैवत, मग पंचम. त्या निषाद-धैवताच्या मधली मोठी फट किरवाणीत आपण ओळखतो. स्त्रोत्सीचा आवाज तिथं येऊन क्षणभर लोंबकळतो, 'लाग्रिमे' या एका शब्दावर, आणि आसू काही पडत नाही.